डब्यात जाणारं बोलणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

हे पडले. खुर्चीतून. हातात माइक होता. आता हॉस्पिटलात. पुढचं लिहवत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

कालचं लिहिलेलं वाचवत नाही. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

काल संध्याकाळी सात वाजता नेहमीसारखे, मित्रांशी बोलायच्या त्यांच्या त्या रेडिओच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. मी थोड्या वेळाने चहा घेऊन गेले तर हे जमिनीवर! तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे, माइक अजून मुठीत घट्ट धरलेला. माझ्या हातून कप पडला. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.

तेवढ्यात मागून मुलगा आत! अनवाणी, धापा टाकत. वरच्या मजल्यावर राहतो, पण नऊ वर्षांत या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. सरळ बापाशेजारी गुडघ्यांवर. ‘बाबा! बाबा, ऐकू येतंय का?’ अॅम्ब्युलन्सला फोन करूनच आला होता.

मी तर ओरडलेच नव्हते. मग याला कळलं कसं? कप फुटल्याचा आवाज गेला असेल वर. पण फोन करायला, जिना उतरायला वेळ तरी कुठे होता? जाऊ दे. देवानेच पाठवला म्हणायचं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जीव वाचला. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला, पाय थोडाफार येईल म्हणतात. आणि वाचा गेली! ऐकू येतं, समजतं सगळं, पण शब्द एक नाही. ‘कधी बोलतील?’ मी विचारलं. डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, ‘येईल बोलणं. नाहीही येणार. पहिले काही महिने महत्त्वाचे, आजी.’ आजी! एका वाक्यात मला म्हातारी करून गेला.

मुलगा रोज येतो, पण खोलीच्या दारापर्यंतच. बाहेरच्या बाकावर बसतो. ‘आई, त्यांना सांग, चष्मा आणलाय.’ अरे, आता तरी स्वतः सांग ना मेल्या! नऊ वर्षं माझं हेच चाललंय. ‘त्यांना सांग’, ‘त्याला सांग’. बापलेकांमधला निरोप्या होऊन मी झिजले.

कारण काय, तर एक लोखंडी खांब. वरचा मजला बांधताना गच्चीवरचा यांच्या अँटेनाचा खांब मुलाने कामगारांकडून उतरवला. न विचारता. हे बाहेरून आले तर खांब रस्त्यात आडवा. त्या दिवसापासून अबोला. एकाच लोखंडाचे दोघे, वाकणार कोण? लहानपणी हाच पोरगा बापाच्या मांडीवर बसून वायरींना सोल्डरचा डाख द्यायला शिकला. बापाने दिलेला रेडिओचा छोटा हँडसेट उशाशी घेऊन झोपायचा.

९ फेब्रुवारी, सोमवार

मला राग आलाय. कुणाला सांगू? तुलाच सांगते, वहीबाई.

नातेवाईक येऊन गेले. यांच्या टेलिफोन ऑफिसातले आले. ज्यांचं नावही मला ठाऊक नाही ते सफरचंदं घेऊन आले. रेडिओवाले? एकही नाही! रोज संध्याकाळी दार लावून ज्यांच्याशी बोलायचे ते मित्र कुठे तडमडले?

दाराबाहेर मला शब्द कळायचे नाहीत. नुसती गुणगुण. मग शांत. आणि शेवटी खट्, खट्. दोनदा. रोज. मग सेट बंद आणि हे बाहेर येणार, चेहरा असा उजळलेला की मला त्या मित्रांचा हेवा वाटायचा. ‘काय आहे जेवायला?’ म्हणून करवादणारा माणूस तासाभराने लोण्याचा गोळा होऊन यायचा.

मग शांत डोक्याने विचार केला. त्यांना कळलंच नसेल! कळवणार कोण? मीच कळवते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्टेशनरीच्या गल्लीत रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एक ताई चालवतात, माझ्याच वयाच्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज असा की गिऱ्हाईक सरळ उभं राहतं. रेडिओ क्लबच्या चिटणीसही त्याच. हे पूर्वी तिथे पडीक असायचे.

मी सगळं सांगितलं. ऐकून बिचाऱ्या खालीच बसल्या. म्हटलं, ‘रोज ज्यांच्याशी बोलायचे त्या मित्रांना जरा कळवाल का?’

‘रोज?’ त्या म्हणाल्या. ‘वहिनी, साहेब अजून सेटवर बसतात?’

‘बसतात म्हणजे? रोज सातला. तासभर.’

त्यांनी समोरचं सामान बाजूला सारलं. मग हळू म्हणाल्या, ‘खांब उतरला तेव्हापासून साहेबांचा आवाज हवेत आमच्यापैकी कुणीच ऐकला नाही. आम्हाला वाटलं, सोडलं त्यांनी.’

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ना, ते हेच. पिशवीसुद्धा काउंटरवर विसरून आले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मग बोलत कोणाशी होते?

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाई असेल का?

हसू नकोस. पान असलं म्हणून काय झालं. दार लावून, ठरल्या वेळेला, रोज, आणि बाहेर येताना तो चेहरा! या वयात! आणि मी दाराबाहेर चहा घेऊन उभी. शी! आज हॉस्पिटलात त्यांचं तोंड पुसताना जरा जोरातच पुसलं. त्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. लाज वाटली मग.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बोलायला शिकवणारी मुलगी आजपासून येते. गोड आहे, पण तिचं ‘आ करा आजोबा’ यांना मुळीच आवडलेलं नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं. ती म्हणाली, ‘घरी हे सगळ्यात जास्त बोलायचे कुठे? तिथे बसवा. सवयीच्या जागी शब्द लवकर सापडतो.’

सगळ्यात जास्त? त्या खोलीतच की!

म्हणजे मला तो सेट लावता आला पाहिजे. शिवाय पलीकडे कोण आहे तेही एकदा बघायचंय. तडक दुकानात गेले आणि म्हटलं, ‘ताई, मला शिकवा.’

‘काय येतं तुम्हाला?’

‘ते डबडं पुसायला येतं.’

‘डबडं नाही, सेट म्हणायचं,’ त्या कडाडल्या. ‘मोठा असतो तो सेट, हातात मावतो तो हँडसेट. माइकवर बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही.’

‘असं बटण आमच्या नणंदबाईंना बसवायला हवं होतं,’ मी म्हटलं. ताई हसल्या आणि तिथून आमचं जमलं.

आज शिकलेलं विसरायच्या आत लिहून ठेवते. अँटेना म्हणजे उंचावरचा तो सांगाडा, तिथूनच बोलणं हवेत जातं. सेटपासून अँटेनापर्यंत जाते ती केबल. ती नुसती वायर नाही, एका वायरीभोवती तारांच्या जाळीचं कवच असतं. मीटर सांगतो की आपली शक्ती अँटेनाने नीट घेतली की अर्धी परत ढकलली. काटा डावीकडे पडून राहिला तर बेस. आणि स्क्वेल्च! हे नाव मला फार आवडलं. स्क्वेल्च म्हणजे खरखर बंद करणारं बटण. नीट लावलं की सेट गप्प बसतो, आणि कोणीतरी खरोखर समोरून बटण दाबलं तरच त्याचं तोंड उघडतं. नुसत्या हवेच्या बडबडीला तो भुलत नाही. जावयासारखा नाही तो, अगदी सुनेसारखा.

रिपीटर म्हणजे डोंगरावर ठेवलेला सेट. एकाचं बोलणं ऐकतो आणि तेच दुसऱ्याकडे फेकतो, कारण त्या दोघांना एकमेकांचं थेट ऐकू येत नाही.

‘म्हणजे मी,’ मी म्हटलं. त्यांना कळलं नाही. सांगत बसले नाही.

मग भीत भीत विचारलं, शेवटी दोनदा खट्, खट् यायचं ते काय? ‘ती आमच्यातली रीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘बोलायला वेळ नसला, नाहीतर बोलावंसं वाटत नसलं, की नुसतं दोनदा बटण दाबायचं. म्हणजे, ऐकलं बरं का.’

म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे! रोज ऐकणारं.

जाताना दम दिला, ‘वहिनी, ऐका हवं तेवढं. पण परवाना साहेबांचा आहे, तुमचा नाही. बटण दाबायचं नाही!’

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरी आणलं. गाडीतून उचलून खोलीत नेईपर्यंत मुलाने धरलं होतं. पलंगावर ठेवलं, उशी नीट केली आणि मला म्हणाला, ‘त्यांना सांग, काही लागलं तर सांगा.’

बाप दोन हातांवर! तरी माझ्यामार्फत! मी नुसतं कपाळावर हात मारून घेतला.

२२ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू. कसं लिहू.

ताई सेट बघायला आल्या. यांना भेटल्या, रडल्या, नाक पुसलं आणि कामाला लागल्या. सेट चालू झाला. मीटरचा काटा बघून म्हणाल्या, ‘वा! असा सुंदर काटा जन्मात पाहिला नाही. अँटेना कुठे आहे?’

‘छोटी लावलीय असं म्हणाले होते मागे. खिडकीबाहेर असेल.’

पडदा बाजूला केला. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची दोरी. बाकी काही नाही.

‘केबलचा माग काढायचा,’ ताई म्हणाल्या. एक टोक सेटमध्ये. तिथून केबल टेबलाच्या पायाजवळून कपाटामागे. कपाट दोघींनी सरकवलं. तिथून कोपऱ्यात. आणि कोपऱ्यात माझा पांढरा डबा! रंगाचा जुना डबा, झाकण घट्ट. मीच त्याच्यावर विणलेला रुमाल घालून प्लॅस्टिकची फुलं ठेवली आहेत. किती वेळा म्हटलं असेन, ‘अहो, वाळलेला रंग कशाला सांभाळताय, टाका तो!’ थंडीत डबा कोमट असायचा. मी त्याच्यावर ओले मोजेसुद्धा वाळवलेत!

केबल त्या झाकणात शिरली होती.

ताई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

‘डमी लोड,’ त्या म्हणाल्या. ‘सेट दुरुस्त करताना आपलं बोलणं हवेत जाऊन दुसऱ्यांना त्रास नको म्हणून अँटेनाच्या जागी हा जोडतात. आत तेल असतं. सेटला वाटतं समोर अँटेनाच आहे. म्हणून तर काटा इतका छान! पण सगळी शक्ती इथे येते आणि नुसती गरम होऊन संपते.’

‘आणि बोलणं?’

‘डब्यात.’

‘कोणालाच ऐकू जात नाही?’

‘थोडं सांडतं. फार तर भिंतीपलीकडे. रस्त्यापलीकडेही नाही.’

‘मग ते खट्, खट्?’

‘सेटच्या आतच काहीतरी वाजत असेल.’ मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘आम्हा सगळ्यांकडून होते हो ही चूक. डमी लोड काढायचा विसरतो आणि काटा बघून खूश. मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ डब्याशी गप्पा मारल्यात.’

‘नऊ वर्षं विसरतात, ताई?’

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डब्याशी! माझ्याशी नाही, पोटच्या पोराशी नाही, डब्याशी! पालथ्या घड्यावर पाणी परवडलं, ते निदान वाहताना दिसतं तरी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

राग गेला आणि उरलंय ते रागाहून वाईट. इतका एकटा होता का हा माणूस? भिंतीच्या अलीकडे मी होते. दार ढकललं असतं तर उघडलं असतं, कडी कधीच नसायची. मी चहा ठेवून परत यायचे, यांच्या मित्रांत आपण कशाला म्हणून. मित्र! आज त्यांना भरवताना रडू आवरेना. ते माझ्याकडे टक लावून बघत होते, काय झालं म्हणून. बाई असती तरी चाललं असतं असं मनात आलं. खरंच आलं.

अजून शब्द नाही. ती मुलगी म्हणते, प्रयत्नच करत नाहीत. भिंतीकडे बघतात.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ताईंनी छोटी अँटेना आणली, खिडकीच्या गजाला बसणारी. ‘आता साहेबांना खऱ्या माणसांत आणू. क्लबात सगळ्यांना सांगून ठेवलंय, सातला तयार बसतील.’ मला केवढा आनंद झाला! यांना खुर्चीत बसवलं. यांनी अँटेनाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. ताई वाकून डब्याच्या झाकणावरची केबल सोडायला लागल्या.

आणि यांचा डावा हात असा झेपावला! ताईंचं मनगट धरलं. घट्ट. घशातून आवाज आला, ‘अं... अं!’ पडल्यापासूनचा पहिला आवाज! डोळ्यांत पाणी, मान हलतेय. सोडेचनात. ताईंनी केबल परत बसवली तेव्हा कुठे बोटं सैल झाली.

‘लाज वाटतेय त्यांना,’ ताई बाहेर येऊन पुटपुटल्या. ‘आपल्याला कळलं म्हणून. राहू दे थोडे दिवस.’

मनगटावर वळ उठलाय त्यांच्या. मला काही सुचत नाही. हवेत जाण्याची वाट समोर असताना माणूस डब्याला का कवटाळतो?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

थांब. क्रमाने लिहिते. क्रमाने!

ठरवलं, डबा तर डबा. त्यांना डब्याशी बोलायचंय तर बोलू दे, बोलणं आल्याशी कारण. सातला खुर्चीत बसवलं. सेट लावला, स्क्वेल्चचं बटण खरखर बंद होईपर्यंत फिरवलं, जसं शिकले तसं. माइक डाव्या हातात दिला. दार लावून मी आतच थांबले. प्रथमच.

यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. ओठ हलले. शब्द नाही. नुसता श्वास, जोरजोरात. बराच वेळ धरून ठेवलं. मग गालावरून पाणी ओघळलं आणि बटण सोडलं. मी पुढे झाले, पुरे आता म्हणायला.

खट्. खट्.

सेटच्या आत वाजत नव्हतं ते! स्क्वेल्च लावलेला होता, माझ्या हाताने. खरोखर कोणी समोरून बटण दाबल्याशिवाय तो तोंड उघडत नाही! आणि केबल डब्यातच होती. डब्यातलं फार तर भिंतीपलीकडे...

यांच्याकडे पाहिलं. अर्धा चेहरा हसत होता. तोच चेहरा! डाव्या हाताचं बोट वर उचललं. छताकडे.

जिना कशी चढले मला ठाऊक नाही. वरचं दार उघडंच होतं. मुलगा पलंगाच्या कडेला, हातात तो लहानपणचा हँडसेट, अँटेनाला चिकटपट्टी गुंडाळलेली. डोळे लाल. सून ओट्याजवळ उभी. म्हणाली, ‘आई, तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, ठाऊक असूनच तुम्ही काही बोलत नाही!’

‘कधीपासून?’ मी मुलाला विचारलं.

‘खांब काढला त्याच आठवड्यात एकदा सहज लावून बघितला. तर बाबा. नुसते शिव्या घालत होते मला. शेवटी म्हणाले, ऐकत असशील तर ऐक. मी दोनदा बटण दाबलं.’

‘मग?’

‘मग रोज. दिवसभराचं सगळं सांगतात. तुझा गुडघा, कोण भेटलं, कोणाचं काय बिनसलं. मी फक्त बटण दाबतो.’ मग खाली मान घालून म्हणाला, ‘त्या दिवशी शेजारच्या मांजरीच्या पिल्लांचं सांगत होते. शब्द वाकडे यायला लागले. मग खुर्ची पडल्याचं ऐकलं. बटण दाबलेलंच होतं, आई. मला सगळं ऐकू येत होतं.’

म्हणून अनवाणी. म्हणून फोन आधीच.

‘आणि मला काय मेल्या, त्यांना सांग, त्यांना सांग?’ मी ओरडले. आता फुटला आवाज! ‘नऊ वर्षं!’

‘अबोला होता ना,’ तो म्हणाला. अगदी सरळ चेहऱ्याने!

तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. हसत होते की रडत होते, सुनेला विचारायला हवं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! यांच्या मित्रांना शोधत मी अख्खं गाव पालथं घातलं आणि मित्र माझ्याच डोक्यावर राहत होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सात वाजता यांनी माइक हातात घेण्याआधीच सेट बोलला. वरचा आवाज. खट्, खट् नाही, तोंडाने! ‘बाबा. रविवारी मी खांब परत उभा करतो. मोठी अँटेना लावू, सगळ्यांशी बोला. करू ना?’

यांनी बटण दाबलं. दिवा लागला. ओठ हलले, पुन्हा हलले, मानेची शीर फुगली.

‘न... नको.’

वरून खट्, खट्.